राजाचा डावा कान

मास्तरने राजाचा डावा कान कापला तो अकराव्या पानावर, वरून चौथ्या ओळीत.

त्याआधी म्हणे दोन हजार वर्षं त्या राजाला कोणी हात लावला नव्हता. शत्रूंच्या फौजांना जे जमलं नाही, ते एका हंगामी शिक्षकाने बत्तीस पानी पुस्तिकेत करून दाखवलं. हा मास्तर कोण, याची फार चौकशी करू नये. ज्याच्या खांद्यावर त्या मास्तरचं डोकं आहे तोच हे लिहितोय. स्वतःला ‘तो’ म्हटलं की चूक जरा दुसऱ्याची वाटते, एवढीच त्यातली सोय.

राजाची गोष्ट तशी लहान. गावाबाहेरच्या टेकडीवर एक पडका दगडी दरवाजा आहे. राजा रोज पहाटे त्या दरवाजात बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा. सिंहासनावर नाही, खाली जमिनीवर. सांगणाऱ्याला मान वर करावी लागू नये म्हणून. संपली गोष्ट. ना लढाई, ना राणी, ना शाप. पण एवढ्याशा गोष्टीवर गावातल्या यच्चयावत कला पोसल्या गेल्या होत्या. नाटकमंडळी दर हिवाळ्यात राजाचं नाटक करायची. विणकर त्याला पडद्यांवर विणायचे. पाट्या रंगवणारा रंगारी दुकानाच्या प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात राजाचं डोकं काढायचा. दातांच्या डॉक्टरच्या पाटीवरसुद्धा काढलं होतं, तिथं राजा जरा घाबरल्यासारखा दिसायचा.

आणि या सगळ्यांनी राजाचा चेहरा उचलला होता एकाच ठिकाणाहून. टेकडीवरच्या त्या दरवाजावरचं राजाचं मूळ दगडी डोकं ऊनवाऱ्याने झिजून पाटीसारखं सपाट झालं होतं. चेहरा उरला होता तो प्लास्टरच्या डोक्यांत, आणि ती डोकी ओतायचे पांढरेमामा. पांढरे हे त्यांचं आडनाव नव्हे. प्लास्टरच्या भुकटीने त्यांच्या भुवया, मिशा आणि कानामागचे केस बाराही महिने पांढरे असायचे म्हणून पडलेलं नाव. पोस्टमनलाही तेच आडनाव वाटायचं, आणि पत्रं बिनचूक यायची.

दोन खोल्यांच्या संग्रहालयाला राजावर पुस्तिका हवी होती. गावात इतिहास घेऊन बी. ए. झालेला मास्तर हा एकमेव प्राणी, तोही दुसऱ्या वर्गात. त्याने शाळा, बँक, केशकर्तनालय असं फिरून चौदा डोकी पाहिली. एकालाही डावा कान नव्हता. तुटलाय म्हणावं तर ती जागा गालासारखी गुळगुळीत. मास्तरचं डोकं चालायला लागलं, आणि ते चालायला लागलं की थांबवणं त्याच्या हातात नसतं. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याला त्याने विचारलं, “आजोबा, राजाने कान का कापला असेल?”

“कापला असेल तर काहीतरी कारण असेलच की,” म्हातारा म्हणाला.

मास्तरने लिहिलं: लोकपरंपरेत याची कारणं आढळतात. आणि मग स्वतःच एक आढळवलं. विजयाच्या धुंदीत राजाने एका आईचं गाऱ्हाणं ऐकलं नाही. नंतर ये म्हणाला, थांब म्हणाला. आईचं जायचं ते गेलं. दुसऱ्या पहाटे राजाने तो न ऐकणारा कान स्वतःच उतरवला. ‘कुशल हातांनी गुळगुळीत केलेली डावी बाजू ही या प्राचीन पश्चात्तापाची खूण होय.’ हे ‘होय’ मास्तरला फार आवडलं होतं.

वर्ष फिरायच्या आत गाव बदललं. विणकरांनी राजाला फक्त उजवीकडून विणायला सुरुवात केली. गाणारे डाव्या कानावर हात ठेवून आलाप घेऊ लागले. मास्तरचा फोटो पेपरात आला. ते कात्रण तो पाकिटात ठेवायचा आणि पैसे काढताना ते चुकून बाहेर पडेल अशी काळजी घ्यायचा. हिवाळ्यात नाटकात नवा प्रवेश आला. आई तीनदा हाक मारते, राजा तीनदा म्हणतो, “थांब.” मग तो सुरी मागवतो. प्रेक्षागृहात हुंदके ऐकू येऊ लागले.

त्या प्रवेशात, तिसऱ्या ‘थांब’ला, तिसऱ्या रांगेतून पांढरेमामा उठले आणि लोकांचे पाय तुडवत बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तरला निरोप आला.

मामांचा कारखाना म्हणजे घराच्या पुढचीच लांब खोली. एका भिंतीला गोण्या, एका भिंतीला फळ्या, फळ्यांवर वाळत ठेवलेले राजे. कोपऱ्यात साबणाच्या पाण्याची बादली, तिच्यात ब्रश. काथ्याच्या लडी खुंटीला. मधे खालीच साचा.

“या मास्तर, बसा. तिथं नको, ते ओलं आहे.”

मास्तरचं बसून झालं होतं. उठला तेव्हा विजारीवर अर्धा पांढरा गोल उमटला होता.

“ते पुस्तक तुम्ही लिहिलंत?”

“हो,” मास्तर म्हणाला. त्याला वाटलं, आता कौतुक.

“अकरावं पान वाचून दाखवा. चष्मा लावला की चष्म्यावर पांढरं बसतं.”

मास्तरने वाचलं, आवाजात चढउतार घालून. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“परंपरा आहे, मामा.”

“परंपरा एकतीस वर्षांची आहे,” मामा म्हणाले. “त्या खिडकीपाशी पडली.”

साचा मामांच्या वडिलांनी घेतलेला. साठ वर्षांपूर्वी, टेकडीवरच्या दगडाला तोंड होतं तेव्हाचा. त्याचे दोन भाग: मागचा हलका आणि पुढचा, चेहऱ्याचा, जड. पुढच्या भागाला दोन टोकांना लाकडी मुठी. तो उचलायला दोन माणसं लागायची. त्या दिवशी मामी तापाने आडव्या होत्या, म्हणून दुसऱ्या मुठीला नऊ वर्षांची लेक होती. उचलला, आणि तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. मोठं गिऱ्हाईक. एकदम चाळीस डोकी हवी होती त्याला, आणि वर तो मामांच्या हाताची तारीफ करत होता.

“पोरगी म्हणाली, ‘बाबा, हात सुटतोय.’ मी म्हटलं, थांब. पुन्हा म्हणाली. मी पुन्हा थांब. माणूस तारीफ करत होता ना माझी! तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही.”

“मग?”

“मग पडला. डाव्या कानाकडची कपची निघाली, एवढी. आणि मी धावलो.”

“तिच्याकडे,” मास्तर म्हणाला.

“साच्याकडे.”

फळीवरचे राजे सगळे एकाच दिशेला बघत होते.

“उलटा करून पाहिला,” मामा म्हणाले. “नाक आहे, ओठ आहेत, हनुवटी आहे. कान गेल्याचं दिसलं तसा ओरडलो तिच्यावर, काय काय बोललो. ती खाली पाय धरून बसलेली. रडत नव्हती. ते गिऱ्हाईक म्हणालं, ‘अहो, पोरीला लागलंय.’ परक्याने सांगितलं तेव्हा मला कळलं, मास्तर.”

त्यांनी फळीच्या मागून एक पत्र्याची डबी काढली. आत साच्याची ती कपची होती, कापसात. कानाचा खळगा तिच्यात जसाच्या तसा.

“ही तर चिकटवता आली असती,” मास्तर म्हणाला.

“एका दुपारचं काम. तुमची मामी जाईपर्यंत तेच म्हणत होती. ‘राजाचा कान कापसात ठेवलाय, पोरीचा घरात एक फोटो नाही.’” मामा खोकले. खोकला भुकटीचा होता, आत राहायलाच आलेला. “नाही चिकटवली. आधी राग म्हणून. म्हटलं, रोज दिसू दे तिला, काय केलंय ते. खळगाच नाही म्हटल्यावर कानाच्या जागी नुसता गोळा यायचा. तो मी पात्याने तासायचो आणि घासायला तिला बसवायचो, हातात पॉलिश पेपर देऊन. तुम्ही लिहिलंय ना, कुशल हातांनी गुळगुळीत केलेली? ते हात नऊ वर्षांचे होते. नऊ ते अठरा.”

मास्तरने पुस्तिका मिटली. ती मिटून कुठं ठेवावी हे त्याला कळेना.

अठराव्या वर्षी लेक शिवणकाम शिकायला मोठ्या गावाला गेली ती तिकडचीच झाली. वर्षातून दोनदा फोन. आई वारली तेव्हा पोचवायला आली, तिसऱ्या दिवशी परत गेली.

“पोरगी गेल्यावर कितीदा डबी उघडली. पण मग म्हटलं, आता मला दिसू दे.” मामांनी डबी लावली. “मास्तर, पुढच्या छपाईत खरं लिहा. तिच्या हातून नाही तुटला, माझ्यामुळे तुटला. छापून आलेलं तिला पाठवा. माझ्या तोंडचं ती काय खरं मानणार, छापलेलं लोक मानतात. तुमचं नाही का मानलं?”

मास्तरने तिथल्या तिथे शब्द दिला. शब्दांची त्याच्याकडे कधीच कमी नव्हती.

पण बातमी नाटकमंडळीच्या प्रमुखाला लागली. त्यांना सगळे काका म्हणायचे. त्यांनी मास्तरला गाठून रंगभूषेच्या खोलीत बसवलं.

“अरे, वेड लागलं का तुला? तो प्रवेश काढला तर उरतं काय? राजा पहाटे उठतो, खाली बसतो आणि ऐकतो. तीन अंक नुसता ऐकतो! लोक घोरायचे रे पूर्वी. पहिल्या रांगेतला तर उशी घेऊन यायचा.”

“पण काका, ते खोटं आहे.”

“आणि जमिनीवर बसणारा राजा खरा होता? तू होतास बघायला? म्हाताऱ्याच्या पोरीने साचा पाडला, यावर नाटक होत नाही, बाबा. त्यावर फक्त घरात भांडण होतं.”

काकांचं मास्तरला पटलं असं नाही. पण पाकिटात ते कात्रण होतं. दुसरी छपाई आली, अकरावं पान जागच्या जागी. फक्त मुखपृष्ठ हिरव्याचं निळं झालं.

मामांनी विचारलं, “आलं का?”

“पुढच्या वेळी नक्की, मामा. थोडं थांबा.”

मामा रागावले नाहीत. “थांबतो,” म्हणाले. “थांब म्हटल्यावर थांबायचं असतं.”



त्याच आठवड्यात मामांनी कपची साच्याला चिकटवली. साबणाचं पाणी फिरवलं, प्लास्टर कालवलं, काथ्या घातला, आणि एकतीस वर्षांनी दोन कानांचा राजा काढला. त्याआधीची दोन कानांची डोकी कधीच फुटून गेली होती. संग्रहालयाच्या राखणदाराने तो पाहून विचारलं, “हा कोण?” केशकर्तनालयवाला म्हणाला, “मामा, याचं काहीतरी जास्त झालंय.” गावाने राजाला ओळखलं नाही ते नाहीच.

“लेकीला पाठवायचाय,” मामा म्हणाले. “पार्सलने नको. हा फुटला तर मग माझ्याकडे बोलायला काहीच नाही.”

“मी नेतो,” मास्तर म्हणाला. लाज माणसाला बरीच कामं करायला लावते.

सात तासांचा बसचा प्रवास. डोकं गोधडीत गुंडाळून मांडीवर. खड्डा आला की मास्तर आधी गोधडीत हात घालून डावा कान चाचपायचा. कंडक्टर म्हणाला, “याचं हाफ तिकीट काढा, साहेब. बसलाय तर ऐटीत.”

लेकीचं दुकान एका गल्लीत तळमजल्याला होतं. शाळेचे गणवेश शिवायची. खोलीभर निळ्या कापडाचे ढीग, आणि मधे पायाने चालवायचं मशीन. चाळिशीची बाई, भुवया मामांच्या, पण काळ्या. हातातली शिवण पुरी करूनच तिने मान वर केली.

“बाबांकडून आलात? खोकला कसा आहे त्यांचा?”

“आहे तसाच, ताई.”

तिने गोधडी सोडली. राजाकडे पाहिलं, डाव्या कानामागून अंगठा फिरवला.

“चिकटवला म्हणजे शेवटी.” अंगठा थांबला. “घासलाय कोणी?”

“मामांनीच.”

“त्यांना घासता येत नाही. इथं खरखर राहिलीय बघा.” ती पुन्हा मशीनवर बसली. मशीन सुरू झालं. तिची पोट भरायची पद्धतच तशी होती, बोलता बोलता शिवायचं. मास्तरचा अर्धा जीव राजाकडे, कारण तो टेबलाच्या अगदी कडेला होता.

“मामांनी सांगितलंय, चूक तुमची नव्हती.”

“ते मला तेव्हाच माहीत होतं. नऊ वर्षांची होते, वेडी नव्हते.”

मास्तरने राजाला टेबलावर दोन बोटं आत सरकवलं.

“राजाच्या कानाचं मला काही नाही हो,” ती म्हणाली. “राजाचा कान, राजा बघून घेईल. माझं पाऊल चेचलं होतं. आई शेकायची, आई डॉक्टरकडे न्यायची. बाबा दारात उभे राहायचे. मला वाटायचं, आता विचारतील, कसा आहे पाय. उभे राहायचे आणि जायचे.” तिने दोरा दाताने तोडला. “अजून दुखतो थंडीत. एकतीस वर्षं झाली, पाय कसा आहे हे त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. कान पाठवला, चांगलं केलं. पण ते राहिलंय, असं सांगा.”

मग तिने मास्तरला चहा दिला आणि राजाला रिळांच्या फळीवर ठेवलं, तोंड रस्त्याकडे करून.

परत आल्यावर मास्तरने हे सगळं मामांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच पदरचं काही न घालता. मामा हात विजारीला पुसून उठले.

“विचारतो. आत्ता विचारतो. त्याला काय लागतं?”

लेकीचा नंबर फोनच्या वर भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला होता, मामींच्या हातचा. मामांनी रिसीव्हर उचलला. तो हातात धरून उभे राहिले. मग खाली ठेवला.

“मास्तर, कोणता पाय?”

“म्हणजे?”

“डावा की उजवा? मी म्हटलं पाय कसा आहे, आणि ती म्हणाली, कोणता? तर मी काय सांगू?”

राजाचा कान डावा, हे मामा झोपेतही सांगू शकले असते. त्याच्या पाळीची जाडी सांगू शकले असते.

“तुम्ही बघितला असेल ना? मशीन चालवत होती म्हणता.”

मास्तरने आठवून पाहिलं. दोन्ही पाय अर्धा तास त्याच्यासमोर वरखाली होत होते. कोणता जोर लावत होता, कोणता नुसता टेकलेला, काही नजरेत उरलं नव्हतं. नजरेत होतं टेबल, टेबलाची कड आणि कडेवरचा राजा.

“मी... तो नीट पोचतोय का, तेच बघत होतो, मामा.”

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, उलट जरा सोबत मिळाल्यासारखं होतं. “मग बस इथं, माझ्या शेजारी,” म्हणाले.

“मी फोन करून विचारू का त्यांना?”

“नको. तू विचारून सांगितलंस तर ते तुझं झालं. मला आठवायला हवं.”

आठ दिवस मामा आठवत होते. घरात मामींनी ठेवलेली त्या पायाच्या औषधाची चिठ्ठी सापडते का पाहिली, नाही सापडली. रविवारी दुपारी त्यांनी मास्तरला बोलावलं. साच्याचा पुढचा भाग मधे काढून ठेवला होता.

“ती मूठ धर. ती खिडकीकडे होती. मी इकडे. गिऱ्हाईक दारात, म्हणजे माझं तोंड तिकडे. कान तुझ्या बाजूला. म्हणजे पडताना असा कलला, नाही का?”

“मामा, जड आहे हो हे.”

“तेच तर. उचल.”

दोघांनी उचललं. मास्तरच्या मनगटात कळ आली. नऊ वर्षांच्या मनगटात काय आली असेल हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याने तो पुरा केला नाही.

“आता म्हण.”

“काय?”

“ती म्हणाली ते.”

“मामा, हात...”

“मामा नाही.”

मास्तर म्हणाला, “बाबा, हात सुटतोय.”

तो नुसतं म्हणाला होता. हात सुटत नव्हता, निदान तेव्हा तरी नाही. पण मामांनी आपल्या टोकाची मूठ सोडली, दोन्ही हातांनी. साचा मास्तरच्या हातून निसटला आणि फरशीवर आपटला. आवाज फार मोठा नव्हता; गोणी पडल्यासारखा. कपाळ एकीकडे गेलं, नाक एकीकडे, हनुवटी साबणाच्या बादलीपर्यंत घरंगळत गेली. साठ वर्षांचा चेहरा, गावातल्या सगळ्या राजांचा बाप, खाली चुरा होऊन पडला होता.

मामांनी तिकडे पाहिलं नाही. ते गुडघ्यांवर मास्तरच्या पायांशी बसले होते. दोन्ही हातांनी पाय धरून विचारत होते, “लागलं का? कुठं लागलं? दाखव. इथं? दाखव मला.”

“नाही लागलं, मामा. खरंच नाही लागलं.”

मामा आळीपाळीने एक पाऊल दाबून बघत होते, मग दुसरं. जणू त्यातलं एक कबुली देईल. खूप वेळाने त्यांनी हात काढले. मास्तरच्या दोन्ही चपलांवर पांढरे ठसे उमटले होते, सारखेच.

गावात हलकल्लोळ झाला. काका येऊन तुकड्यांपाशी खरोखरचे रडले; नाटकातल्यापेक्षा वाईट रडले. राखणदाराने तुकडे नंबर घालून पेटीत भरले. मास्तरने संग्रहालयातल्या उरलेल्या प्रतींचं अकरावं पान हाताने खोडून समासात खरं ते लिहिलं, आणि एक प्रत लेकीला पाठवली. बाकी वाचणाऱ्यांना वाटतं पोरांनी गिरगोट्या केल्यात. नाटकात राजा अजून सुरी मागवतो.

मामा आता डोकी ओतत नाहीत. छताच्या नक्षीच्या पट्ट्या ओततात, पोटापुरत्या. मास्तर रविवारी जातो.

“आठवलं का, मामा?”

“सकाळी उजवा वाटतो. दुपारी डावा.”

परवा तो तिथं असतानाच फोन वाजला. तिचा. मामांनी उचलला, खोकला बरा आहे म्हणाले. नव्हता. इकडे थंडी फार पडलीय म्हणाले. तिकडे पडलीय का, असं विचारलं. पडलीय, ती म्हणाली असावी. फोन कानाशी घट्ट धरून मामा ऐकत होते. पलीकडून मशीनचाही आवाज येत नव्हता. ती हातातलं काम थांबवून बसली असावी. थंडीचा विषय निघालेलाच होता.

मामांनी तोंड उघडलं. भिंतीवरच्या पेन्सिलीच्या आकड्यांकडे पाहिलं.

“बरं,” ते म्हणाले. “ठेवतो.”